नदीपलीकडचे स्वस्त घर, पहाटेची पाळी आणि गाडीचा प्रश्न: न्यूकॅसलला येणाऱ्या कुटुंबासाठी

प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांची परिस्थिती थोडक्यात अशी आहे. त्यांच्या पत्नीला न्यूकॅसलच्या रॉयल व्हिक्टोरिया इन्फर्मरी या रुग्णालयात परिचारिकेची नोकरी मिळाली आहे. त्यांना स्वतःला आठवड्यातले काही दिवस कोबाल्ट बिझनेस पार्कमधल्या कार्यालयात जावे लागणार आहे. मुलगी सहा वर्षांची आहे. टाइन नदीच्या दक्षिणेला, गेट्सहेडमध्ये, त्यांना बऱ्यापैकी कमी भाड्याचे घर दिसते आहे आणि नकाशावर रुग्णालय तिथून जेमतेम तीन किलोमीटरवर आहे. नदी ओलांडून रोजची ये-जा झेपेल का आणि आल्या आल्या स्वतःची मोटारगाडी घ्यावीच लागेल का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

मी टाइनसाइडमध्ये, म्हणजे या नदीकाठच्या शहरी भागात, वाहतूक नियोजनाचे काम करते आणि घर घेण्यापूर्वी नवे लोक मला बहुधा अंतराबद्दलच विचारतात. माझ्या मते अंतराला इथे फारसे महत्त्व नाही. तुम्हाला ठरवायचे आहे ते हे की रोजच्या प्रवासात वाहन किती वेळा बदलावे लागेल आणि पाळी सुरू होण्याच्या वेळेला ते वाहन धावत असेल का. एकाच वाहनात बसून नदी ओलांडता येत असेल, तर दक्षिण आणि उत्तर यांत काही फरक उरत नाही. बदल करावा लागत असेल, तर तीन किलोमीटरलासुद्धा पाऊण तास लागू शकतो. उत्तर घराच्या नेमक्या गल्लीवर अवलंबून आहे, हे आधीच मान्य करते. पण गल्ली कशी पारखायची हे सांगता येईल.

प्रथम नदीविषयी. टाइनचे पात्र शहराजवळ खोल दरीतून जाते आणि दोन्ही काठ उंच आहेत. त्यामुळे पूल दोन पातळ्यांवर बांधले गेले. काठावर उतरणाऱ्यांसाठी १८७६चा स्विंग ब्रिज आणि २००१ मध्ये खुला झालेला, फक्त पादचारी व सायकलस्वारांचा मिलेनियम ब्रिज हे खालचे. उरलेले पाच वरचे, म्हणजे १८४९चा हाय लेव्हल ब्रिज, १९०६चा किंग एडवर्ड पूल, १९२८चा टाइन ब्रिज, १९८१चा मेट्रोचा पूल आणि १९८३चा रेडह्यू ब्रिज. खालच्या पुलावरून चालत जाण्याचा विचार असेल, तर दोन्ही बाजूंचा चढ हिशेबात धरा. नकाशावर पंधरा मिनिटांची दिसणारी वाट जानेवारीतल्या पावसात, पाठीवर पिशवी घेऊन, तेवढी राहत नाही.

हे सातही पूल नदीच्या एका लहानशा टप्प्यात एकवटलेले आहेत आणि मिलेनियम ब्रिजच्या पुढे समुद्रापर्यंत एकही पूल नाही. घर शोधणाऱ्यांनी ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी. मोठी जहाजे वरपर्यंत येत असल्यामुळे खालच्या अंगाला लोकांनी पुलाऐवजी बोगदे आणि नाव यांचा आधार घेतला. हाउडन आणि जॅरो यांच्यामध्ये १९५१ पासून पादचारी व सायकलस्वारांचा बोगदा आहे, तिथेच १९६७ मध्ये मोटारींचा आणि २०११ मध्ये त्याच्या जोडीला दुसरा बोगदा आला, आणि अगदी मुखाजवळ नॉर्थ शील्ड्स व साउथ शील्ड्स यांच्यामध्ये फेरीबोट चालते, जी काही मिनिटांतच पलीकडे पोचवते. म्हणून उत्तर काठावरचे वॉल्सएंड आणि दक्षिण काठावरचे हेबर्न समोरासमोर दिसत असले तरी एकीकडून दुसरीकडे मेट्रोने जायचे तर आधी शहराच्या मध्यापर्यंत यावे लागते आणि तिथून पुन्हा बाहेर जावे लागते. घराच्या जाहिरातीत ‘शहरापासून इतके मैल’ असे लिहिलेले असते, तेव्हा तो आकडा सरळ रेषेतला आहे की पुलावरून मोजलेला, हे पाहून घ्यावे.

आता मेट्रो. टाइन अँड वेअर मेट्रोचा पहिला टप्पा ऑगस्ट १९८० मध्ये सुरू झाला. जुन्या उपनगरी रेल्वेमार्गांना शहराच्या पोटातून जाणारे नवे बोगदे आणि नदीवरचा नवा पूल यांनी जोडून हे जाळे तयार केले गेले. विमानतळापर्यंतचा फाटा १९९१ मध्ये आणि संडरलंडचा २००२ मध्ये जोडला गेला, आणि आज एकूण ६० स्थानके आहेत. मार्ग दोनच. हिरवा मार्ग विमानतळापासून संडरलंडमार्गे साउथ हिल्टनपर्यंत जातो. पिवळा मार्ग सेंट जेम्सपासून निघून किनाऱ्यावरून मोठे वळण घेत पुन्हा शहरात येतो आणि नदी ओलांडून साउथ शील्ड्सला पोचतो. त्यामुळे पिवळी गाडी मॉन्युमेंट स्थानकावरून दोनदा जाते, दोन वेगवेगळ्या फलाटांवरून; पहिल्या आठवड्यात कोणीही गोंधळते, म्हणून फलाटावरच्या पाटीवर गाडीचे अंतिम स्थानक वाचूनच चढावे.

तुमच्या निर्णयाशी सगळ्यात जवळचा संबंध असलेली गोष्ट म्हणजे या दोन मार्गांचा सामाईक भाग. उत्तरेला साउथ गॉसफर्थपासून दक्षिणेला पीलॉपर्यंत दोन्ही मार्गांच्या गाड्या एकाच रुळांवरून धावतात. प्रत्येक मार्गावर दिवसा साधारण दर १२ मिनिटांनी गाडी असते, म्हणजे सामाईक भागावर साधारण सहा मिनिटांनी. मुंबईच्या लोकलची सवय असलेल्याला सहा मिनिटे हीसुद्धा वाट पाहणेच वाटेल. पण वेळापत्रक न पाहता घराबाहेर पडता येणे आणि घड्याळ पाहून पडावे लागणे यांतली सीमारेषा माझ्या अनुभवात दहा मिनिटांच्या आसपास आहे. साउथ गॉसफर्थ, इलफर्ड रोड, वेस्ट जेसमंड, जेसमंड, हेमार्केट, मॉन्युमेंट, सेंट्रल स्टेशन, गेट्सहेड, गेट्सहेड स्टेडियम, फेलिंग, हेवर्थ आणि पीलॉ ही त्या भागातली स्थानके. यांपैकी पहिली चार महाग वस्त्यांची आहेत, मधली तीन शहराच्या पेठेतली, आणि शेवटची पाच नदीच्या दक्षिणेची, जिथे भाडे कमी आहे.

तुमच्या पत्नीचे रुग्णालय हेमार्केट स्थानकापासून काही मिनिटांच्या चालीवर आहे. गेट्सहेड स्थानकापासून हेमार्केट तिसरेच स्थानक, वाहन बदलण्याची गरज नाही, आणि नदी ओलांडली हे खिडकीबाहेर पाहिले तरच कळते. फेलिंग आणि हेवर्थ यांच्या बाबतीतही तेच, फक्त काही मिनिटे अधिक. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे: गेट्सहेडमधले घर मेट्रो स्थानकापासून दहा मिनिटांच्या चालीत असेल तर निर्धास्तपणे घ्या. ते बेन्शम किंवा सॉल्टवेलच्या बाजूला असेल, जिथे स्वस्त घरे पुष्कळ दिसतात आणि सॉल्टवेल पार्कही सुरेख आहे, तर मात्र तिथे मेट्रो नाही हे ओळखून विचार करा. तिथून बसने थेट शहरात जावे लागते किंवा चढउताराच्या रस्त्यांनी गेट्सहेड स्थानक गाठावे लागते.

बसवर अवलंबून राहावे की नाही, हे समजण्यासाठी थोडा इतिहास सांगावा लागेल, कारण इथले बसमार्ग आज असे का आहेत याचे कारण त्यात आहे. मेट्रो आखली गेली तेव्हा कल्पना अशी होती की उपनगरांतल्या बसनी प्रवाशांना जवळच्या स्थानकावर आणून सोडायचे, प्रवाशाने त्याच तिकिटावर मेट्रोने शहरात जायचे आणि शहराच्या मध्यात बसची गर्दी होऊ द्यायची नाही. गेट्सहेड, हेवर्थ, फोर लेन एंड्स, रीजंट सेंटर या स्थानकांना जोडून एवढे प्रशस्त बसतळ का बांधले, याचे उत्तर तेच आहे. ती व्यवस्था काही वर्षे उत्तम चालली. पुढे १९८५च्या वाहतूक कायद्यानुसार ऑक्टोबर १९८६ पासून लंडनबाहेरची बससेवा खुल्या स्पर्धेवर सोडण्यात आली. मार्ग आणि भाडे कंपन्यांनी ठरवायचे झाल्यावर ज्या बस स्थानकापर्यंतच येत होत्या त्या थेट शहरात जाऊ लागल्या, म्हणजे मेट्रोला पूरक असण्याऐवजी तिच्याशी स्पर्धा करू लागल्या. माझ्या व्यवसायातल्या अनेकांप्रमाणे मलाही तो निर्णय या प्रदेशाच्या दृष्टीने चुकीचा वाटतो. त्याचा परिणाम आजही तुमच्या खिशाला जाणवेल. गेट्सहेडकडे प्रामुख्याने गो नॉर्थ ईस्ट, न्यूकॅसल शहरात स्टेजकोच आणि नॉर्थम्बरलंडच्या दिशेला अराइव्हा अशी विभागणी आहे, आणि एका कंपनीचा पास दुसऱ्या कंपनीच्या बसमध्ये चालत नाही. दोन कंपन्यांच्या बस आणि मेट्रो असा मिश्र प्रवास होणार असेल तर सर्व वाहनांवर चालणारे एकत्रित तिकीट घ्यावे. एकट्या मेट्रोसाठी पॉप कार्ड (आधी पैसे भरून वापरायचे प्रवासाचे कार्ड) पुरेसे आहे, त्यात दिवसाच्या भाड्याला वरची मर्यादा असते. इंग्लंडभर बसच्या एकेरी तिकिटावर जानेवारी २०२३ पासून दोन पौंडांची कमाल मर्यादा होती, ती जानेवारी २०२५ पासून तीन पौंड झाली. ११ वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट काढलेल्या मोठ्या माणसाबरोबर मेट्रोने मोफत जाता येते, त्यामुळे मुलीच्या तिकिटाची चिंता नको.

गेट्सहेडहून बसने शहरात जाण्याबाबत सध्या आणखी एक अडचण आहे. टाइन ब्रिजच्या दुरुस्तीचे मोठे काम २०२४ मध्ये सुरू झाले आणि पुलावरच्या मार्गिका कमी करण्यात आल्या. पुलाच्या शताब्दीपर्यंत, म्हणजे २०२८ पर्यंत, ते काम पूर्ण करण्याचे उद्दिष्ट आहे. तोवर गर्दीच्या वेळी रस्त्याने नदी ओलांडणे अनिश्चित राहील, असे धरूनच चाला. मेट्रोचा पूल स्वतंत्र असल्यामुळे तिला याची झळ बसत नाही. मात्र मेट्रो रस्त्यांच्या अडचणींपासून पूर्णपणे अलिप्त आहे असेही मानू नका. डिसेंबर २०२४ मध्ये गेट्सहेडचा उड्डाणपूल धोकादायक आढळला आणि बंद झाला, तेव्हा मेट्रोचा बोगदा नेमका त्याखालून जात असल्याने उड्डाणपुलाला आधार देईपर्यंत काही दिवस तिथली मेट्रोसुद्धा थांबवावी लागली होती. म्हणून पहाटेच्या पाळीवर जाणाऱ्या व्यक्तीला मी नेहमी सांगते की मुख्य मार्गाबरोबर एक पर्यायी मार्ग चालून पाहिलेला असावा. गेट्सहेडच्या बाबतीत तो पर्याय हाय लेव्हल ब्रिज आहे. त्याच्या वरच्या मजल्यावरून रेल्वे जाते आणि खालच्या मजल्यावरून पायी जाता येते, वरच्या पातळीवरचा पूल असल्यामुळे मोठा चढ लागत नाही, आणि डोक्यावर छतही मिळते.

पाळीच्या वेळांबद्दल दोन गोष्टी. आठवड्याच्या दिवसांत मेट्रो पहाटेपासून मध्यरात्रीच्या सुमारापर्यंत चालते, त्यामुळे सकाळी साडेसातच्या आसपास सुरू होणारी लांब पाळी गाठणे अवघड नाही. रविवारी मात्र पहिली गाडी उशिरा सुटते आणि नाताळच्या दिवशी, २५ डिसेंबरला, मेट्रो आणि रेल्वे दोन्ही बंद असतात. रुग्णालयाला यांपैकी कोणतीच सुट्टी नसते. रविवार आणि नाताळची पाळी लागली तर टॅक्सीचे पैसे बाजूला काढलेले असावेत, किंवा त्याच भागात राहणाऱ्या सहकाऱ्याच्या गाडीतून जाण्याची सोय करावी. बहुतेक परिचारिका तसेच करतात. याशिवाय न्यूकॅसल युनायटेडचा सामना असेल त्या दिवशी सेंट जेम्स पार्कमधून पन्नास हजारांहून अधिक लोक एकदम बाहेर पडतात, आणि सप्टेंबरमधल्या ग्रेट नॉर्थ रनच्या दिवशी धावपटू टाइन ब्रिज ओलांडून साउथ शील्ड्सपर्यंत जातात व तिथून पुष्कळजण मेट्रोनेच परततात. हे दिवस दिनदर्शिकेत खुणा करून ठेवण्यासारखे आहेत.

आता तुमचा स्वतःचा प्रवास. कोबाल्ट बिझनेस पार्क नॉर्थ टाइनसाइडमध्ये, ए१९ महामार्गाला लागून आहे, आणि ते मोटारीने येणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून वसवलेले आहे हे तिथे पोचताच कळते. सोयीचे मेट्रो स्थानक म्हणजे नॉर्थम्बरलंड पार्क. गेट्सहेडहून पिवळ्या मार्गाची, किनाऱ्याकडे जाणारी गाडी पकडली तर तिथे थेट उतरता येते. स्थानकापासून कार्यालयापर्यंत बसने, पायी, किंवा घडीच्या सायकलवर जावे लागेल. घडी न होणारी सायकल मेट्रोत सर्रास नेता येत नाही. हा एक बदल टळणारा नाही. पण तुम्ही आठवड्यातले काहीच दिवस जाणार आहात आणि तुमच्या पत्नीला वेळेच्या सक्तीची पाळी आहे, तेव्हा घर निवडताना तिच्या प्रवासाला प्राधान्य द्यावे आणि बदलाचा त्रास तुम्ही घ्यावा, असे मला वाटते. मधला तोडगा हवा असेल तर लाँगबेंटन आणि फोर लेन एंड्स या स्थानकांभोवतीही पाहा. तिथून हेमार्केट आणि नॉर्थम्बरलंड पार्क दोन्हीकडे थेट गाडी आहे आणि भाडे जेसमंडपेक्षा कमी असते. फक्त गाड्यांची वारंवारता सामाईक भागाइतकी नाही.

शहराच्या पश्चिमेला, फेनम, बेनवेल, एल्सविक या भागांत, अनेक भारतीय व दक्षिण आशियाई कुटुंबे राहतात. वेस्ट रोडवर हिंदू मंदिर आहे, किराणाही ओळखीचा मिळतो, त्यामुळे नवी मंडळी तिकडे ओढली जातात. तिथे मेट्रो नाही, मात्र बस भरपूर आहेत आणि त्या नदी न ओलांडता शहरात येतात. रुग्णालयही शहराच्या त्याच अंगाला असल्यामुळे फेनमहून पायी जाणारे लोक मी पाहिले आहेत. पत्नीच्या दृष्टीने हा पर्याय चांगला, तुमच्या दृष्टीने कोबाल्टला जाणे मात्र बस, मेट्रो आणि पुन्हा बस असे होईल. ब्लाइद आणि ॲशिंग्टन यांकडची आणखी स्वस्त घरेही तुम्हाला कोणीतरी सुचवेल, कारण १९६४ पासून प्रवासी गाड्यांना बंद असलेला तो रेल्वेमार्ग डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाला आहे. तो मार्ग सुरू झाला याचा मला मनापासून आनंद आहे, पण पाळीवर जाणाऱ्या माणसाला दर सहा मिनिटांची मेट्रो आणि दर अर्ध्या तासाची रेल्वे यांत निवड असेल तर मी पहिलीच सुचवेन.

एक सूचना ओघाने. न्यूकॅसल, गेट्सहेड आणि नॉर्थ टाइनसाइड या वेगवेगळ्या नगरपरिषदा आहेत आणि मुलीच्या शाळेचा अर्ज घर ज्या परिषदेच्या हद्दीत असेल तिच्याकडे करावा लागतो. शाळा चालत जाण्याच्या अंतरावर मिळाली तर निम्मा प्रवासाचा प्रश्न सुटतो. ती जागा मिळते का, हे घराचा करार करण्याआधी विचारून घ्या.

दूरच्या प्रवासासाठी सुरुवातीला गाडीची गरज नाही. मुंबईहून येताना एमिरेट्सने दुबईमार्गे थेट न्यूकॅसलला उतरता येते. विमानतळाच्या इमारतीला लागूनच मेट्रो स्थानक आहे आणि सेंट्रल स्टेशन तिथून साधारण २५ मिनिटांवर आहे. हीथ्रोला उतरलात तर पिकॅडिली लाइनने न बदलता किंग्ज क्रॉसला यावे आणि तिथून रेल्वे घ्यावी, तिला पावणेतीन तासांच्या आसपास लागतात. या मार्गावर एलएनईआर आणि ऑक्टोबर २०२१ पासून ल्युमो अशा कंपन्यांच्या गाड्या आहेत; सामान जास्त असेल आणि विमानाला उशीर होण्याची शक्यता असेल, तर एकाच गाडीला बांधलेले स्वस्त आगाऊ तिकीट घेऊ नये. डरहॅम रेल्वेने पंधरा मिनिटांच्या आत येते, एडिंबरा सुमारे दीड तासात.

गाडीबाबत माझे मत असे की पहिले काही महिने घेऊ नका. भारतीय परवान्यावर तुम्हाला इथे रहिवासी झाल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते, त्यानंतर इथला परवाना लागतो आणि त्यासाठी लेखी व प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. प्रत्यक्ष परीक्षेची तारीख लवकर मिळत नाही, म्हणून गाडी उशिरा घ्यायची असली तरी तात्पुरत्या परवान्याचा अर्ज आणि लेखी परीक्षा पहिल्या दोन-तीन महिन्यांतच उरकून घ्यावी. नव्याने आलेल्या चालकाला विम्याचा हप्ता जड पडतो, इथला परवाना मिळाल्यावर तो सहसा कमी होतो, आणि गेट्सहेडच्या रांगेतल्या जुन्या घरांपुढे गाडी लावायला परिषदेचा परवाना लागतो का हेही पाहावे लागते. जानेवारी २०२३ पासून न्यूकॅसल आणि गेट्सहेडच्या मध्यभागात स्वच्छ हवा क्षेत्र, म्हणजे जास्त प्रदूषण करणाऱ्या काही वाहनांना शुल्क लागणारा भाग, लागू आहे, पण खासगी मोटारींना त्यात शुल्क नाही. जुनी गाडी घेतली म्हणून दंड बसेल ही भीती मनातून काढून टाका.

गाडी घेतलीच आणि कोबाल्टला ए१९ने जाऊ लागलात, तर टाइन टनेलचा टोल लक्षात ठेवा. नोव्हेंबर २०२१ पासून तिथे नाके आणि अडथळे राहिलेले नाहीत. कॅमेरा गाडीचा क्रमांक टिपतो आणि पैसे आपण होऊन, दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपूर्वी भरावे लागतात. कोणी थांबवत नसल्यामुळे नव्या लोकांना टोल होता हेच कळत नाही आणि आठवड्याभराने घरी दंडाची नोटीस येते. नियमित जाणार असाल तर आधीच खाते उघडून गाडीचा क्रमांक नोंदवून ठेवावा, म्हणजे रक्कम आपोआप वळती होते. गाडी विकताना तो क्रमांक त्या खात्यातून काढायलाही विसरू नये.